चुकून वाजलेला ढोल

"नीट उचल ना! माझ्या गुडघ्यावर आपटून राहिलाय," वेस्ता ओरडला.

"तू चालतोयस की नाचतोयस?" मी मागून म्हटलं. "ढोल दुधऱ्याबाबाचा आहे. फुटला तर म्हातारा आपलं दोघांचं कातडं सोलून त्यावर चढवील."

ढोल एवढा मोठा, की तो बांबूला बांधून दोघांनी खांद्यावर घ्यावा लागे. वेस्ता पुढे, मी मागे, आणि मधे ते धूड झोके खात होतं. डोंगरावरून उतरणारी पायवाट दवाने ओली होती. ऊन अजून वरच्या कड्यावरच अडकलेलं. मला थंडी वाजत नव्हती, भूक लागत नव्हती, पाय जमिनीवर आहेत की नाहीत तेही कळत नव्हतं. त्या दिवशी आमची परीक्षा होती. माझी तर होतीच होती.

आमचा मोरखीपाडा सातपुड्यात, राज्याच्या अगदी उत्तरेच्या टोकाला. त्यापुढचा डोंगर उतरलं की नर्मदा. तेव्हा जीप घाटाच्या पायथ्यापर्यंतच येई, पुढे ज्याचे पाय त्याची वाट. असल्या ठिकाणी देवरे सर आले आणि युवा शेती मंडळ काढू म्हणाले. ते धुळ्याकडचे, एका संस्थेत नोकरीला. फटफटी खाली ठेवून धापा टाकत वर चढायचे आणि पाणी पिण्याआधी विचारायचे, "काय भो, कोंब आले का?" पाड्यावरची आम्ही पोरंपोरी त्यांच्या मंडळात गेलो. वेस्ता गेला कारण त्याला कुठेही जायला आवडायचं. मी गेले कारण सर म्हणाले होते, की आपल्या भागात जे मंडळ पहिलं येईल त्यातल्या एकाला कृषी विद्यालयात घेतील. राहायची सोय, जेवायची सोय, आणि शेतीचं शिक्षण. मंडळाने एकमताने माझं नाव दिलं. वेस्ताने तर दोन्ही हात वर केले, एक माझ्यासाठी आणि एक स्वतः सुटला म्हणून.

माझ्या बाने, म्हणजे वडलांनी, आम्हाला करायला तुकडा दिला खरा. पण कसा? "तो खालचा दगडांचा उतार घ्या. तिथे कुसळसुद्धा धड उगवत नाही," असं म्हणून. आम्ही दगड वेचले, बांध घातले, बी मिठाच्या पाण्यात टाकून तरंगलेलं काढून टाकलं, दोरी धरून ओळीत ज्वारी पेरली. इथवर बा वरून बघून हसायचा. पण रोपं वीतभर झाल्यावर आम्ही विरळणी सुरू केली, दाट आलेल्यांतली जास्तीची रोपं उपटायला लागलो, आणि बा धावत खाली आला. माझ्या हातातली जुडी त्याने हिसकावून घेतली. चिखलात गुडघे टेकून ती रोपं परत लावायला लागला.

"वर आलेलं जिवंत रोप उपटता? कुणी शिकवलं हे? भूक बघितली नाही तुम्ही, म्हणून हात वळतो."

"बा, दाटीत कणीस भरत नाही. एकमेकांचं खातात ती."

"एकमेकांचं खाऊन का होईना, जगतात ना?"

त्याने लावलेली रोपं संध्याकाळपर्यंत माना टाकून पडली. त्यानंतर बा त्या शेतात पाय ठेवेना. शेजारीच त्याचं स्वतःचं शेत होतं, मधे फक्त एक बांध. त्या बांधापर्यंत येऊन तो पाठ फिरवायचा. देवरे सर माझ्या शाळेचं विचारायला घरी आले तेव्हा बाने त्यांना खाटेवर बसवलं, पाणी दिलं आणि सरळ सांगितलं, "पहिला नंबर आला तर जाऊ दे तिला. नाही आला तर कोयता."

कोयता म्हणजे गुजरातेत ऊसतोडीला जाणं. तिथे एकटा माणूस धरत नाहीत, जोडी लागते, त्या जोडीलाच कोयता म्हणतात. दोन वर्षांपासून आईची कंबर धरली होती आणि तेव्हापासून बाच्या कोयत्यातला दुसरा माणूस मीच होते. ऊस तोडून मान इतकी भरून येई की रडतानासुद्धा खाली बघता येत नसे. यंदाही ट्रक यायला थोडेच दिवस उरले होते. आमची ज्वारी मात्र अशी काही आली होती, की वाटेने जाणारा माणूस थांबून बघे. कणसं माझ्या मनगटाहून जाड. आज निकुंभसाहेब तपासणीला येणार होते. ते उभ्या पिकात चौकोन आखणार, तेवढाच कापून तोलणार आणि त्यावरून नंबर ठरणार. "पाव्हण्यांचं स्वागत ढोल वाजवून करू, साहेब खूश होतील," ही सूचना वेस्ताची. त्याचं डोकं एरवी चालत नाही, त्या दिवशी चाललं.

आम्ही ढोल शेताच्या कडेला मोहाच्या झाडाखाली ठेवला. दवाने चामडं सैल पडलं होतं.

"शेकायला पाहिजे," वेस्ता म्हणाला. "मी पालापाचोळा घेऊन येतो. तू हात लावू नको."

"मी कशाला लावू?"

तो ओढ्याकडे गेला. मी ढोलाकडे बघितलं. टिपरू वरच ठेवलं होतं. आमच्यात पोरींनी ढोल वाजवू नये असं कुणी म्हणत नाही, पण वाजवलेला कुणी बघितलाही नव्हता. मी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. एकच ठोका, म्हटलं. आवाज येतो का बघू.

धाड!

आवाज समोरच्या डोंगरावर आपटून परत आला आणि माझ्या छातीतच घुसला. काय मजा वाटली म्हणून सांगू! मग मी थांबतेय कशाला? लहानपणापासून कानात बसलेला एकच ठेका मला येत होता, तोच लावला. धाड धाड, धडाड. धाड धाड, धडाड. समोरच्या डोंगरावरून कुणीतरी कुकारीची लांब आरोळी दिली. मला वाटलं, कौतुक करतायत. मी आणखी जोरात बडवलं. वरच्या पाड्यावरून दुसरी कुकारी आली. मग ओढ्यापलीकडून तिसरी. मी तर अंगात आल्यासारखी वाजवत सुटले.

वेस्ता पाचोळा तिथेच टाकून धावत आला. त्याचं तोंड उघडंच होतं.

"रायली, काय वाजवून राहिलीस तू?"

"स्वागत!"

"हे स्वागत आहे? अगं बये, हा लाहा आहे!"

माझा हात वरच्या वर थांबला.

लाहा काय ते आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगते. ज्याचं पीक कापायला आलं तो सकाळी आपल्या शेतात ढोल वाजवतो. ज्याच्या कानावर पडेल तो विळा घेऊन निघतो. मजुरी नाही, आमंत्रण नाही. कुणाकडे जायचं हे आवाजाच्या दिशेवरून कळतं. शेतधन्याने सगळ्यांना जेवू घालायचं आणि पुढे त्यांच्या शेतात ढोल वाजला की आपण जायचं. लाहाला आलेली माणसं विचारत नाहीत. खालच्या कडेने आपापली पात, म्हणजे कापायचा पट्टा, धरतात आणि कापत सुटतात. आणि आलेला लाहा परत पाठवायचा नसतो. ज्याने पाठवला त्याच्या दारात पुन्हा कुणी येत नाही.

"चल, सांगू त्यांना," मी म्हटलं.

"कुणाला सांगतेस? बघ तिकडे!"

उतारावरून माणसं येत होती. एकेक नाही, झुंडीने. बायांनी लुगडी खोचलेली, पुरुषांच्या खांद्यावर विळे, कुणाच्या पाठीला पोर बांधलेलं. समोरच्या डोंगरावरून बोंदीआजी येत होती, तिला तर धड दिसतही नव्हतं, नातीच्या खांद्यावर हात ठेवून ओढा ओलांडत होती. सगळ्यांचे चेहरे असे उजळलेले, जणू कुणाकडे लग्नच आहे. आम्ही तिथवर पोचेपर्यंत खालच्या कडेला विळे चालूही झाले. सपासप, सपासप. माझी ज्वारी आडवी पडत होती.

"थांबा! कापू नका! साहेब यायचेत!" मी ओरडत निघाले. पण कापणीचं गाणं सुरू झालं होतं. मला बघून त्यांनी आणखी जोरात कुकारी दिली. त्यांना वाटलं, पोर आनंदाने धावतेय.

आणि सगळ्यांत पुढच्या पातीत बा होता.

मी जागच्या जागी थांबले. विरळणीनंतर ज्याने या शेतात पाय ठेवला नाही तो माणूस वाकून, डोक्याला फडकं बांधून, माझ्या ओळीत कापत होता.

"बा!"

त्याने वर बघितलं नाही. "उशीर केलास. शेजारची पात धर."

"तू इथे कसा?"

"कसा म्हणजे? ढोल वाजला."

"पण बा, तो..."

"ढोल वाजला की माणूस येतो. त्यात काय विचारायचं?"

मी मागे बघितलं. वरची अर्धी ज्वारी अजून उभी होती. साहेब दुपारी येणार होते. आत्ता थांबवलं तर अर्धं तरी शेत दाखवता आलं असतं. मी धीर केला. "बा, आज तपासणी आहे. उभं पीक लागतं. माझी शाळा..."

बाने पाठ सरळ केली. माझ्याकडे नीट बघितलं. त्या पावसाळ्यानंतर तो पहिल्यांदाच माझ्याकडे असा बघत होता. रागाने नाही.

"लाहा फिरवायचा आहे तुला?"

मी पुन्हा वरच्या ज्वारीकडे बघितलं.

"फिरव. ढोल तू वाजवलास. फिरवायचा हक्क तुझा आहे. मी नाही आड येणार."

ओळीच्या टोकाला बोंदीआजी खाली बसून, हाताने चाचपत, ज्वारीचं एकेक ताट धरून कापत होती. तिच्या कमरेला फडक्यात भाकरी बांधलेली होती. पोरीच्या मंडळाकडे जेवायला असेल-नसेल म्हणून तिने स्वतःची आणली होती. तिला मी काय सांगणार होते, की आजी, परत जा, चुकून वाजला? शाळा मला हवी होती. जीव जाईल इतकी हवी होती. तरी माझी जीभ उचलेना.

वेस्ता माझ्यामागे येऊन उभा होता. मी हात मागे केला. त्याने विळा माझ्या हातात ठेवला.

मी बाच्या शेजारची पात धरली.

त्यानंतरची सकाळ मला जशीच्या तशी आठवते आणि आठवली की अजून हसू येतं. एकदा कापायचंच ठरलं म्हटल्यावर मी पुढचं-मागचं विसरले. लाहाला माणूस विसरतोच. वरची ओळ आणि खालची ओळ यांची चढाओढ लागली. वेस्ताची आई मला चिडवत होती, "शेतधनीण, तुझी पात मागे राहिली गं!" शेतधनीण! हा शब्द मला उद्देशून कुणी पहिल्यांदाच म्हणत होतं. मी असा विळा चालवला, की बाच्या बरोबरीला आले. एकदा त्याने कापलेलं कणीस तळहातावर घेऊन वरखाली केलं.

"भरलंय," तो म्हणाला.

"हं."

जरा पुढे गेल्यावर तो ताटांमधल्या अंतराकडे बघत राहिला. "मधे एवढी जागा?"

"तीच ती. उपटलेल्यांची."

बा पुन्हा वाकला.

ऊन डोक्यावर येईपर्यंत बहुतेक शेत आडवं झालं होतं. आमच्याकडे कापलेली ताटं लगेच उचलत नाहीत, जिथल्या तिथे वाळू देतात. त्यामुळे सगळी ज्वारी ओळीओळीने पडलेली होती. आणि नेमके तेव्हाच वाटेवर देवरे सर दिसले, मागे टोपी घातलेले उंच निकुंभसाहेब. सर वरूनच हात हलवत हसत येत होते. मग त्यांचं हसू थांबलं. मग पाय थांबले.

"माय वं!" ते डोक्याला हात लावून म्हणाले. चिडले किंवा घाबरले की ते अहिराणीत जात. "हाई काय करं तुम्हीन?"

"सर, लाहा वाजला," वेस्ता म्हणाला.

"कोनी वाजाडा?"

वेस्ताने माझ्याकडे बघितलं नाही, पण सगळ्या पाड्याने अभिमानाने माझ्याकडे बोट दाखवलं.

निकुंभसाहेब शांत माणूस होते. त्यांनी टोपी काढून घाम पुसला, सगळं ऐकून घेतलं. "वरच्या कोपऱ्यात थोडी उभी दिसतेय," ते म्हणाले.

"तिथे चौकोन आखा ना साहेब!" मी उडीच मारली.

"तसं नाही करता येत, बेटा. जागा तुम्ही राखलेली चालत नाही. ती मी चिठ्ठ्या टाकून ठरवतो. चिठ्ठी शेतात कुठेही पडू शकते, म्हणून सगळं शेत उभं लागतं."

देवरे सर मटकन बांधावर बसले. विळे खाली झाले. काहीतरी चुकलंय हे आता सगळ्यांना कळलं होतं. बोंदीआजी नातीला विचारत होती, "काय झालं? काय झालं?" आणि नात तिला सांगत नव्हती. बा एकटाच पुढे आला.

"साहेब, शेत उभं पाहिजे ना?"

"हो, दादा."

"मग थांबा थोडं."

त्याने वळून आरोळी दिली. "जो ज्या पातीत होता तो तिथे जा! आपापली ताटं उचला! जिथून कापली तिथेच उभी धरा!"

मग वेस्ताची आई हसायला लागली आणि हसत हसत आपल्या पातीकडे पळाली. आणि सगळा पाडा पळाला. कापणाऱ्याला आपली पात विसरत नाही, कुणी कुठे विळा टाकला हे त्याला पक्कं ठाऊक असतं. ज्याने त्याने आपल्या खुंटांपाशी उभं राहून ताटं कवेत घेतली. एका वेळी जेवढी मावतील तेवढी. लहान पोरांनी दोन-दोन धरली. बोंदीआजीला नातीने तिच्या जागेवर नेऊन उभं केलं, तिने ताटं छातीशी धरली आणि मान ताठ केली. ज्वारी माणसांहून उंच. बघता बघता माणसं दिसेनाशी झाली आणि कणसंच कणसं डोलायला लागली. मधूनच एखादी शिंक ऐकू येई, नाहीतर खुदखुद. माझं शेत पुन्हा उभं राहिलं होतं.

मी माझ्या पातीत, बाच्या शेजारी, ताटं धरून उभी होते. रडत होते आणि हसतही होते. एवढं प्रेम एकदम कुठे ठेवावं ते मला समजत नव्हतं.

निकुंभसाहेबांनी खिशातून चिठ्ठ्या काढल्या, एक उचलली, पावलं मोजली आणि दोरी घेऊन शेतात शिरले. दोरी माणसांच्या पायांभोवती फिरली. चौकोनात बोंदीआजी आली, वेस्ताचा बाप आला आणि आणखी कोण कोण. "हलू नका हां," साहेब म्हणत होते आणि कुणी श्वाससुद्धा सोडत नव्हतं. त्या चौकोनातली पडलेली ताटंही वेचली, कणसं खुडून काट्याला लावली. मग त्यांनी विचारलं, "शेजारचं उभं शेत कुणाचं?"

"माझं," बा म्हणाला.

"तुमचाही एक चौकोन घेऊ?"

बाने मान हलवली. त्याच्या शेतातला तेवढाच चौकोन कापून तोलला. काटा थांबायची वाट बघत सगळा पाडा साहेबांच्या खांद्यावरून वाकला होता. साहेबांनी दोन्ही आकडे वाचले. आमच्या दगडांच्या उतारावर बाच्या काळ्या मातीच्या जवळजवळ दुप्पट आलं होतं.

काय ओरडलो आम्ही! वेस्ताने मला उचललं, देवरे सरांनी वेस्ताला मिठी मारली, कुणीतरी ढोल धरला. मी बाकडे बघितलं. तो काट्याकडेच बघत होता.

"पण," निकुंभसाहेब म्हणाले. ते हळूच म्हणाले, तरी ढोल थांबला. "स्पर्धेत हे धरता येणार नाही, बेटा. बाकीच्या पाड्यांवरच्या पोरांनी पीक उभं राखलंय. इथे खरंच एवढं आलंय, मी डोळ्यांनी पाहिलंय, जिथे विचारतील तिथे सांगेन. पण नंबर देता येणार नाही. त्या पोरांशी मी कसं लबाडीने वागू?"

मला त्यांचा राग आला. फार आला. आणि त्यांचं चुकतंय असं म्हणायला मला एक शब्द सापडेना, म्हणून आणखी आला. देवरे सर काही म्हणायला गेले, साहेबांनी नाही अशी मान हलवली. गेली शाळा. आता ट्रक.

तेवढ्यात आई वरून उतरताना दिसली. कमरेत वाकून, डोक्यावर मोठं भांडं. मागे शेजारणींच्या डोक्यावर भाकऱ्यांच्या टोपल्या. मी धावत जाऊन भांडं घेतलं.

"आई, हे कधी केलंस? तुझी कंबर?"

"ढोल ऐकला, तेव्हाच चूल पेटवली. लाहा बोलावलास, मग जेवण कुणी घालायचं? तुझ्या त्या मंडळाने?"

पळसाच्या पानांवर सगळे जेवले. साहेबसुद्धा मांडी घालून बसले आणि डाळ मागून घेतली. मी वाढत होते, कारण शेतधनिणीने आधी वाढायचं असतं. बाच्या पानावर भाकरी ठेवताना मी विचारलं, "कोयत्याला कधी निघायचं?" आवाज सरळ ठेवायचा होता, तो राहिला नाही.

बाने डाळ कालवली, घास खाल्ला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "रायलीला यंदा नेता येत नाही."

मी वाढायची थांबले.

"तिने लाहा घेतला. तुम्ही सगळे आलात. आता प्रत्येकाच्या घरी तिचं जाणं लागतं. लाहा अंगावर असताना तिला गुजरातेत कसं नेऊ? उद्या तुमचा ढोल वाजला तर काय सांगू? मी तिच्या मामाशी जोडी करीन."

"बरोबर आहे," दुधऱ्याबाबा म्हणाला. "नेता येत नाही."

"माझ्याकडे आधी ये हो!" बोंदीआजी ओरडली. "माझी ज्वारी पाखरं खातात!"

"मग आमच्याकडे!" "मग आमच्याकडे!" असं सगळीकडून सुरू झालं. देवरे सरांना काय झालं ते उशिरा कळलं. कळलं तेव्हा ते पानावरून उठले आणि त्यांनी उगाचच निकुंभसाहेबांचा हात हातात घेऊन हलवला.

मी बाजवळ बसले. "बा, तुला खरं सांगू? मी लाहा वाजवला नव्हता. गंमत म्हणून बडवत होते. चुकून झालं."

"ते ठोक्यावरून कळलं. दुधऱ्या असा भसाभसा वाजवत नाही."

"कळलं होतं? मग आलास कशाला?"

तो पानाकडे बघत म्हणाला, "मी बांधावर रोज येत होतो. आत कसं यायचं ते कळत नव्हतं. म्हटलं, पोरीने बोलावलं."

मी पटकन उठून भाकऱ्या आणायला गेले. टोपली माझ्या हातातच होती.

परत आले तेव्हा बा हात धूत होता. "माझ्याकडे कापणीला येऊ नको," तो म्हणाला.

"का? तुझाही लाहा आहे माझ्यावर."

"आहेच. पाऊस पडल्यावर ये."

"पाऊस पडल्यावर? कशाला?"

त्याला तो शब्द म्हणवेना. त्याने इकडे तिकडे बघितलं आणि दोन बोटांनी हवेतून काहीतरी उपटल्यासारखं केलं.

त्या हिवाळ्यात मी बाचं सोडून पाड्यावरच्या प्रत्येक शेतात कापणीला गेले आणि पावसाळ्यात ज्याने त्याने मला पुन्हा बोलावलं, विरळणीला. बाने सगळ्यांआधी बोलावलं. शाळेत मी त्यानंतरच्या वर्षी गेले. निकुंभसाहेबांनी जिथे विचारलं नाही तिथेही सांगितलं होतं. आता मीच असे डोंगर चढून पोरापोरींची मंडळं काढते आणि पाणी पिण्याआधी कोंबांचं विचारते. पण मला आठवतो तो आषाढातला दिवस. बाचं शेत वीतभर हिरवं झालं होतं. मी वाकून सुरुवात केली तेव्हा तो बांधावर पाठ करून उभा होता.

"झालं?" तो मधेच विचारी.

"कुठलं? एक ओळसुद्धा नाही झाली."

थोड्या वेळाने तो खाली उतरला. माझ्या शेजारी उकिडवा बसला. "कुठलं काढायचं?"

"जे बारीक असेल ते. जोमदार राखायचं."

त्याने दोन रोपांवर हात ठेवला. मग त्याने डोळे घट्ट मिटले आणि उपटलं.

डोळे मिटून उपटलं ते नेमकं जोमदार होतं. मी काही बोलले नाही. त्याच्या शेजारची पात धरली.